नखांचे डाग व रंगबदल : घरगुती उपचार आणि प्रतिबंध

नखांचा स्वाभाविक फिकट गुलाबी रंग जाऊन त्यांवर पिवळी, तपकिरी, हिरवट, पांढरी किंवा काळसर छटा येणे यास नखांचा रंगबदल म्हणतात. गुलाबी रंग हा वस्तुतः नखाचा नसतोच. नखाचा कठीण पापुद्रा केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींच्या थरांचा बनलेला असून तो जवळजवळ रंगहीन असतो आणि त्याखालील त्वचेतले रक्त त्यातून गुलाबी दिसते. त्यामुळे बदललेला रंग नखाच्या पृष्ठभागावर, पापुद्र्याच्या आत किंवा त्याखालील त्वचेत, अशा तीन ठिकाणी असू शकतो. घरी करता येण्याजोग्या उपायांपैकी बहुतेकांचा उपयोग पहिल्या ठिकाणच्या रंगापुरताच होतो, ही गोष्ट लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट सुचवणाऱ्या लोकप्रिय सल्ल्यांत सहसा सांगितली जात नाही.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे येण्यास साधारण ६ महिने लागतात. पायाच्या नखाची वाढ याच्या निम्म्याने होते, म्हणून अंगठ्याचे नख बदलण्यास १२ ते १८ महिने जातात. मृत पापुद्र्यात मुरलेला रंग त्वचेवरच्या रंगाप्रमाणे झडून जात नाही, तो नखाबरोबर पुढे सरकतो. याचे सर्वांच्या पाहण्यातले उदाहरण म्हणजे मतदानाची शाई. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेली आणि म्हैसूर येथील सरकारी कारखान्यात तयार होणारी ही शाई सिल्व्हर नायट्रेटची असते. बोटाच्या कातडीवरून ती काही आठवड्यांत उतरते, परंतु नखावरचा काळा पट्टा वाढत्या नखासोबत टोकाकडे जातो आणि शेवटी कापला जातो. त्यावर कोणताही घरगुती उपाय चालत नाही, आणि शाईचा हेतूही तोच आहे.

डाग बाहेरचा आहे की आतला, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. डागाची मुळाकडची कड नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या वळणाला समांतर असेल, तर रंग बहुधा बाहेरून लागलेला असतो. ती कड मुळाजवळच्या पांढुरक्या अर्धचंद्राच्या आकाराशी जुळत असेल, तर कारण शरीराच्या आत, म्हणजे औषधात किंवा आजारात, शोधावे लागते. पृष्ठभाग कानशीने अगदी हलका घासल्यावर रंग फिका पडला, तरी तो बाहेरचा समजावा.

मराठी घरांत नखे पिवळी होण्याचे सर्वांत परिचित कारण हळद हे होय. उन्हाळ्यात लोणच्याचा मसाला हाताने कालवल्यावर किंवा लग्नघरी हळद लावल्यावर नखांच्या कडा पुढे कित्येक दिवस पिवळ्या राहतात. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. म्हणून हात आधी पाण्याखाली न धरता कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेल घेऊन नखे, विशेषतः त्यांच्या कडा व खालची बाजू पुसावी आणि नंतर साबण लावावा. साबण लागताच पिवळा डाग क्षणभर तांबूस होतो आणि नवख्या माणसास डाग वाढल्यासारखे वाटते. क्षाराच्या संपर्कात कुर्क्युमिन लाल होते एवढेच त्याचे कारण असून पारंपरिक कुंकूही हळदीच्या याच गुणावर तयार होते. हात स्वच्छ धुतल्यावर ती लाली जाते. उरलेली पिवळट झाक सूर्यप्रकाशाने दोन-चार दिवसांत उडते, जसा साडीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळवल्यावर उडतो. केळफूल सोलण्यापूर्वी हातांना तेल लावण्याची चाल प्रतिबंधाच्या दृष्टीने तितकीच योग्य आहे, कारण तेलाच्या थरामुळे चीक नखांत शिरत नाही आणि हवेने काळा पडून तेथे बसत नाही.

मेंदीचे तसे नाही. तिच्यातील लॉसोन हे द्रव्य केराटिनशी घट्ट जोडले जाते, त्यामुळे तळहातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत गेली तरी नखांची लाल टोके महिनोन्महिने दिसतात. ती घासून काढण्याचा प्रयत्न केल्यास रंगाऐवजी नखच पातळ होते. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लेपांत पॅराफेनिलीनडायअमाइन हे केसांच्या कलपातील रसायन असू शकते आणि त्याने त्वचेवर फोड येण्याइतकी तीव्र ॲलर्जी होते, म्हणून तो लेप टाळावा.

नेलपेंटमुळे येणारा पिवळेपणा बहुधा लाल व गडद छटांतील रंगद्रव्ये नखात झिरपल्याने येतो. रंगाखाली बेस कोटचा थर देणे, एकच रंग आठवडेच्या आठवडे न ठेवणे आणि अधूनमधून काही आठवडे नखे उघडी राहू देणे, एवढ्याने तो बराच टळतो. डाग पडल्यानंतर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून मऊ ब्रशने आठवड्यातून एखाद्या वेळी हलके घासल्यास वरचा थर किंचित उजळतो. लिंबाच्या रसाने थोडा फरक पडतो, परंतु रस लागलेले हात न धुता उन्हात जाऊ नये, कारण लिंबातील काही द्रव्यांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊन तिच्यावर काळे चट्टे उठतात. कपड्यांचे ब्लीच नखांसाठी कधीही वापरू नये. ॲसिटोनच्या रिमूव्हरने नखे कोरडी पडून त्यांचे पापुद्रे सुटतात, तेव्हा वापरानंतर तेल चोळणे हिताचे असते. विडी-सिगारेटमुळे तर्जनी व मध्यमेची नखे तपकिरी होतात. धूम्रपान सोडल्यावर मुळाकडून स्वच्छ नख येऊ लागते आणि जुन्या-नव्या भागांतील सीमा इतकी रेखीव असते की सवय कधी सुटली याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

पाण्यात सतत हात असणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात. धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया, मासे साफ करणाऱ्या कोळणी, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतले कामगार यांच्या नखांच्या मुळाशी असलेली कातडी भिजून सुटते, तेथे नखुरडे होते आणि नख कडेने वेडेवाकडे व काळपट पडते. मुळाशी असलेली ही पातळ कातडी म्हणजे नखाचे झाकण असून पार्लरमध्ये ती ‘घाण’ म्हणून कापली जाते, हे चुकीचे आहे. नख खालच्या त्वचेपासून सुटले असेल तर त्या ओल्या फटीत स्यूडोमोनस जातीचे जिवाणू वाढून हिरवी छटा येते. अशा वेळी सुटलेला भाग कापून नख कोरडे ठेवावे. एक भाग पांढरे व्हिनेगर व चार भाग पाणी यांच्या मिश्रणात दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटे बोट बुडवण्याचा उपाय त्वचारोगतज्ज्ञही सुचवतात. मात्र जखम असल्यास तो करू नये. पाण्याच्या कामासाठी रबरी हातमोजे वापरताना आत सुती मोजे घालावेत, नाहीतर घामाने तीच ओल पुन्हा निर्माण होते.

पिवळसर पांढरे, जाड झालेले आणि टोकाशी भुसभुशीत होणारे नख बुरशीच्या संसर्गाचे असू शकते. व्हिनेगर, लसूण किंवा तेले जाड नखाच्या आत पुरेशी पोचत नाहीत. हाताच्या नखांसाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारण ६ आठवडे आणि पायाच्या नखांसाठी १२ आठवडे दिल्या जातात, पण तत्पूर्वी नखाचा तुकडा तपासून निदान पक्के करणे आवश्यक असते. तपासणीआधी स्वतःच मलमे लावल्यास बुरशी असूनही अहवालात न दिसण्याचा संभव असतो. पावसाळ्यात पायांना चिखल्या झाल्या असतील तर त्यांवर वेळीच उपचार केल्याने नखांना होणारा संसर्ग टळू शकतो.

मुलांच्या नखांवरील पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेने येतात, असा समज घरोघरी आहे. ते बहुतांशी मुळाशी बसलेल्या किरकोळ माराचे असतात आणि वाढीबरोबर निघून जातात. दारात बोट चेमटल्यावर नखाखाली साकळलेले काळे-निळे रक्तही तसेच पुढे सरकते.

सावळ्या वर्णाच्या व्यक्तींच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेषा असणे सर्वसामान्य होय. परंतु प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी किंवा मुळाजवळच्या कातडीवर पसरलेली काळी रेषा मेलॅनोमा या कर्करोगाचे चिन्ह असू शकते, म्हणून तेथे घरगुती प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. सर्व नखे एकाच वेळी फिकट, निळसर किंवा पिवळी व जाड झाली असल्यासही वैद्यकीय तपासणी हवी, कारण रक्तक्षय, हृदय व फुप्फुसांचे विकार आणि काही औषधे यांची छटा नखांत उतरते. तपासणीला जाताना नेलपेंट काढून जावे.

वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या डागाचे दर महिन्याला एकाच उजेडात छायाचित्र घेऊन ठेवावे. डाग व मुळाकडची कातडी यांमधली स्वच्छ पट्टी दर महिन्याला रुंद होत असेल तर डाग निघून चालला आहे. तोच रंग मुळातून पुन्हा येत असेल तर कारण अजून चालू आहे.