तीन टर्नटेबल, एक ड्रम मशीन : जेफ मिल्स यांच्या टेक्नोमागचा इतिहास

टेक्नो हे क्लबात नाचण्यासाठी यंत्रांवर केलेलं संगीत. त्यात यंत्र सुरू करून सोडून द्यायचं, मग ते आपलं आपण वाजत राहतं, असा समज फार पसरलेला आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचे डीजे जेफ मिल्स यांना वाजवताना एकदा नीट पाहिलं की हा समज गळून पडतो. समोर रेकॉर्डी फिरवणारे तीन टर्नटेबल, मधे त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, बाजूला रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे ड्रमचे ठोके वाजवणारं यंत्र, म्हणजे ड्रम मशीन, आणि या सगळ्यावरून न थांबता फिरणारे दोन हात. तीस वर्षांहून अधिक काळ ते असं वाजवत आले आहेत. आज जे टेक्नो मोजक्या आवाजांत बांधलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं त्यांच्या कामात सापडतात. हे हात कसे तयार झाले ते पाहायचं तर सुरुवात क्लबच्या आधी, रेडिओपासून करावी लागते.

मिल्स यांचा जन्म १८ जून १९६३चा, डेट्रॉइटमधला. मोटारींचं हे शहर तेव्हा उताराला लागलेलं होतं. १९५० साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १९८०पर्यंत बारा लाखांवर आली. कारखाने बंद पडले किंवा शहराबाहेर गेले आणि १९६७च्या दंगलीनंतर गोऱ्या कुटुंबांनी शहर सोडण्याचा वेग आणखी वाढला. अशा शहरात रात्रीचा रेडिओ ही तरुण पोरांची मोठी सोबत होती. ‘द इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नावाने कार्यक्रम करणारा निवेदक सिंथेसायझर वाजवणारा जर्मन गट क्राफ्टवर्क, प्रिन्स, पार्लमेंट हा अमेरिकी फंक गट आणि बी-५२ज यांना एकाच रात्री एका पंगतीला बसवायचा. कृष्णवर्णीयांचं संगीत एका केंद्रावर, गोऱ्यांचं दुसऱ्या, ही अमेरिकी रेडिओची वाटणी त्याने मानलीच नाही. डेट्रॉइटचं टेक्नो जर्मन सिंथेसायझर आणि अमेरिकी फंक या दोघांचं लेकरू का आहे, याचं निम्मं उत्तर या कार्यक्रमात आहे.

हुआन अ‍ॅटकिन्स यांनी रिक डेव्हिस यांच्यासोबत ‘सायबोट्रॉन’ या नावाने १९८१ साली पहिली रेकॉर्ड काढली. अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे बेलव्हिल या जवळच्या गावातले शाळासोबती. १९८८मध्ये ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या या संगीताचा संग्रह निघाला आणि ‘टेक्नो’ हे नाव जगभर गेलं. मिल्स वयाने या तिघांच्याच बरोबरीचे, पण या कथेत त्यांचा प्रवेश दुसऱ्या दारातून होतो.

त्या दशकात मिल्स डेट्रॉइटच्या डब्ल्यूडीआरक्यू आणि नंतर डब्ल्यूजेएलबी या केंद्रांवर ‘द विझर्ड’ या नावाने मिक्स, म्हणजे एकमेकींत मिसळलेल्या रेकॉर्डी, वाजवत होते. त्यांचे कार्यक्रम ऐकणाऱ्यांना आठवतो तो त्यातला वेग. हिप-हॉप, इलेक्ट्रो, इंडस्ट्रियल, नवीन युरोपीय रेकॉर्डी असं काहीही, आणि प्रत्येकातला नेमका तुकडा वाजवून लगेच पुढे. रेडिओवर वेळ थोडा, ऐकणारा कधीही बटण फिरवून दुसरीकडे जाणारा, आणि सगळं शहर तुलना करायला बसलेलं. तिथे गाण्याची प्रस्तावना, मधली विश्रांती, शेवट हे सगळं गळून पडतं. उरतो तो चार-आठ मात्रांचा गाभा. माझ्या मते मिल्स यांची पुढची सगळी शैली या सवयीतून आली आहे. गाण्यातलं काय काढून टाकलं तरी गाणं उभं राहतं, याचा सराव त्यांनी रात्रीमागून रात्र केला होता.

‘फायनल कट’ या इंडस्ट्रियल बाजाच्या गटात थोडं काम केल्यावर, १९९०च्या सुमारास मिल्स यांनी माइक बँक्स यांच्यासोबत ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ उभं केलं. रॉबर्ट हूड लवकरच त्यांना येऊन मिळाले. लेबल (रेकॉर्डी काढणारी कंपनी) म्हणा, गट म्हणा, चळवळ म्हणा, ते तिन्ही होतं. मोठ्या कंपन्यांशी करार करायचे नाहीत, चेहरे झाकायचे, रेकॉर्डी स्वतः छापून स्वतः विकायच्या, असा त्यांचा बाणा होता. बँक्स आजही चेहरा दाखवत नाहीत. ‘अंडरग्राउंड’ हा शब्द आता जाहिरातींतही सर्रास दिसतो, म्हणून हे सांगणं गरजेचं वाटतं: इथे त्याचा अर्थ मालकी असा होता. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय संगीतकारांनी याआधी मोठ्या कंपन्यांच्या करारांत काय गमावलं, हे या मंडळींनी पाहिलेलं होतं. आपलं संगीत कुठे आणि कोणत्या अटींवर जाईल हे आपण ठरवायचं, यावर ते अडून राहिले.

दरम्यान बर्लिनची भिंत पडली होती. पूर्वेकडच्या मालक हरवलेल्या, रिकाम्या इमारतींमध्ये तरुणांनी क्लब थाटायला सुरुवात केली. मार्च १९९१मध्ये दिमित्री हेगेमान आणि त्यांच्या साथीदारांनी लाइपत्सिगर रस्त्यावर, जुन्या वेर्टहाइम दुकानाच्या तळघरात ‘ट्रेझोर’ उघडला. ट्रेझोर म्हणजे तिजोरी, आणि ती खरोखरच तिजोरीची खोली होती: जाड भिंती, ठेंगणं छत, गंजलेले लोखंडी कप्पे. त्याच वर्षी क्लबने स्वतःचं लेबल काढलं आणि त्यावरची पहिली रेकॉर्ड होती मिल्स, बँक्स आणि हूड यांची, ‘एक्स-१०१’ या नावाने. ओसाड पडत चाललेल्या एका शहराचं संगीत नुकत्याच जोडल्या गेलेल्या दुसऱ्या शहराला इतकं आपलं वाटलं, याचं आश्चर्य वाटायला नको. दोन्हीकडे रिकामे कारखाने होते आणि पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

थोड्याच काळात मिल्स गटातून बाहेर पडले. भांडणाच्या कथा शोधण्यापेक्षा त्यांनी पुढे काय केलं ते पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये, जुन्या चर्चच्या इमारतीत चालणाऱ्या ‘लाइमलाइट’ क्लबमध्ये ते नियमित वाजवू लागले. १९९२ साली त्यांनी ‘अ‍ॅक्सिस’ हे स्वतःचं लेबल सुरू केलं. त्यावरची पहिली रेकॉर्ड हूड यांच्यासोबतच होती. त्याच वर्षी ट्रेझोरने त्यांच्या ‘वेव्हफॉर्म ट्रान्समिशन’ मालिकेचा पहिला भाग काढला. दुसरा भाग हूड यांचा, ‘द व्हिजन’ या नावाने, आणि तिसरा, १९९४चा, पुन्हा मिल्स यांचा. पहिला भाग आजही ऐकताना अंगावर येतो. ध्वनी कोरडा, वेग चढा, गाणं म्हणावं असं काही नाही. तिसऱ्या भागापर्यंत मात्र राग निवळलेला आहे. त्याची जागा अंतरांनी आणि शांततेने घेतली आहे. हूड यांनीही १९९४ सालीच आपल्या रेकॉर्डींतून हीच वाट आणखी काटेकोर केली. मोजक्या आवाजांचं, मिनिमल टेक्नो म्हणून जे पुढे ओळखलं गेलं, ते या दोघांच्या तीन-चार वर्षांच्या कामातून.

इथे एका रेकॉर्डपाशी थोडं थांबतो. अ‍ॅक्सिसच्या १९९४च्या ‘सायकल ३०’वर बंद खाचा आहेत. नेहमीच्या रेकॉर्डवर एकच खाच गोल गोल फिरत आत जाते. बंद खाच स्वतःलाच येऊन मिळते, त्यामुळे सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि तेवढाच तुकडा हात लावेपर्यंत वाजत राहतो. आता गणित पाहा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. त्या १.८ सेकंदांत चार ठोके बसवले की वेग होतो मिनिटाला १३३⅓ ठोके. टेक्नोचा अगदी चपखल वेग! टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर वेग आठ टक्के कमी-जास्त करता येतो, म्हणजे तोच तुकडा साधारण १२३पासून १४४ ठोक्यांपर्यंत कुठेही नेता येतो. यंत्राची फिरण्याची गती आणि संगीताचं आवर्तन इथे एकच झालं आहे. या खाचा कोरणारे होते डेट्रॉइटचे रॉन मर्फी. शहरातल्या कित्येक टेक्नो लेबलांच्या मूळ चकत्या त्यांनी आपल्या लेथवर कोरल्या. शनीच्या कड्यांवर बेतलेल्या, ‘एक्स-१०१’नंतरच्या ‘एक्स-१०२’च्या १९९२च्या अल्बमसाठी तर रेकॉर्डवरच्या खाचांची मांडणीच त्या कड्यांसारखी केली होती. टेक्नोच्या इतिहासात अशा कारागिरांची नावं फार मागे राहतात, म्हणून मर्फींचा उल्लेख मुद्दाम केला.

मिल्स यांचं मंचावरचं वादन याच विचारातून येतं. त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डी, विशेषतः ‘पर्पज मेकर’ या त्यांच्या दुसऱ्या लेबलवरच्या, डीजेने वापरायची अवजारं म्हणूनच बनवलेल्या आहेत. पहिल्या ठोक्यापासून नक्षी पूर्ण हजर, मधे नाट्यमय थांबा नाही, हळूहळू चढत जाणारी बांधणी नाही. अशी एकच रेकॉर्ड घरी ऐकली तर अपुरी वाटेल. पण तीन टर्नटेबलांवर तीन रेकॉर्डी एकत्र चालू असताना पहिल्याने पायाचा ठोका (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) द्यायचा, दुसऱ्याचा बास मिक्सरवरून काढून त्यातली फक्त सिंथेसायझरची ओळ घ्यायची, तिसऱ्याची झांज आठ ठोक्यांपुरती आत आणायची आणि बाहेर काढायची. दोन रेकॉर्डींचे बास एकत्र आले की सगळं गढूळ होतं, म्हणून हात सतत मिक्सरच्या खालच्या सुरांच्या बटणांवर असतो. एखादी रेकॉर्ड दीड-दोन मिनिटांत उतरते. रेडिओची सवय इथे स्पष्ट दिसते, फक्त आता तुकडे एकापुढे एक न जोडता एकावर एक रचले जातात.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे टोकियोतल्या शिंजुकू भागातल्या ‘लिक्विड रूम’मधलं १९९५चं वादन. त्याचं ध्वनिमुद्रण १९९६मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात लोकांचे आवाज आहेत, रेकॉर्डी किंचित घसरतात आणि लगेच सावरल्या जातात. स्टुडिओत हे सगळं पुसता आलं असतं. ते पुसलं नाही, म्हणून ऐकणाऱ्याला हात ऐकू येतात. टेक्नो नवीन ऐकणाऱ्याला एकच गोष्ट सुचवायची झाली तर मी हेच ध्वनिमुद्रण सुचवेन. २००४ साली ‘एक्झिबिशनिस्ट’ या डीव्हीडीत तर कॅमेरे थेट त्यांच्या हातांवर रोखले होते.

आणि मग टीआर-९०९. रोलँडने तादाओ किकुमोतो यांच्या देखरेखीखाली बनवलेलं हे यंत्र १९८३मध्ये बाजारात आलं. त्यात ढोलाचे आवाज अ‍ॅनालॉग मंडलातून तयार होतात, झांजा मात्र आधी मुद्रित केलेल्या डिजिटल नमुन्यांतून. खऱ्या ड्रमसारखा आवाज हवा असणाऱ्यांना ते पटलं नाही आणि साधारण दहा हजार यंत्रांनंतर उत्पादन थांबलं. वापरलेली यंत्रं स्वस्तात मिळू लागली तेव्हा ती शिकागो आणि डेट्रॉइटच्या पोरांच्या हाती पडली. यंत्राच्या खालच्या कडेला सोळा बटणं एका ओळीत आहेत, प्रत्येक बटण म्हणजे मात्रेचा चौथा भाग. पहिलं, पाचवं, नववं, तेरावं दाबलं की पायाचा ठोका बसतो. पाचव्या-तेराव्यावर टाळी, तिसऱ्या-सातव्या-अकराव्या-पंधराव्यावर उघडी झांज. एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात. मिल्स यंत्र चालू असतानाच बटणं दाबत-काढत राहतात. टाळी एका बटणाने पुढे सरकते, एका फेऱ्यापुरता पायाचा ठोका गायब होतो, टॉम या ड्रमची एक आडवी लय मधूनच शिरते, आघाताचं बटण थोडं वर जातं. लहानपणी ड्रम वाजवलेला माणूस यंत्रावर बसून खरोखर वाजवतो आहे हे कुणालाही कळतं.

‘द बेल्स’ ही १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातली त्यांची रचना जगभर गाजली, आणि नंतर त्यांना मोठमोठे मंच मिळाले. २००० साली त्यांनी फ्रिट्स लांग यांच्या १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाला नवं संगीत दिलं. २००५मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या पों दु गार या रोमन जलसेतूपाशी मोंपेलियेच्या ऑर्केस्ट्रासोबत वादन झालं. २०१३मध्ये अंतराळवीर मामोरू मोहरी यांच्यासोबत अल्बम केला. फ्रान्सने त्यांना २००७मध्ये कला आणि साहित्यासाठीचा सन्मान दिला, २०१७मध्ये त्याच सन्मानाची वरची श्रेणी. ऑर्केस्ट्रासोबतचं काम मला तितकं भिडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मोठा वाद्यवृंद श्वास घेत थोडा मागेपुढे होतो, ९०९ होत नाही, आणि मग वाद्यवृंदाला यंत्राच्या मागे धावावं लागतं. मिल्स यांचा खरा गुण, म्हणजे त्या क्षणी ठोका बदलण्याची मोकळीक, लिहून दिलेल्या स्वरलिपीत बांधली जाते.

ती मोकळीक परत मिळाली ती टोनी अ‍ॅलन यांच्यासोबत. गायक फेला कुटी यांच्यासोबत अफ्रोबीट या आफ्रिकी संगीताचा ठेका घडवणारे हे नायजेरियन ड्रमवादक आणि मिल्स यांनी २०१८ साली ब्लू नोट या जॅझच्या लेबलवर एकत्र रेकॉर्ड काढली. इथे ९०९च्या समोर दुसरा तालवादक बसलेला होता, आणि कोण कुणाला साथ करतो आहे हे दर मिनिटाला बदलत होतं. अ‍ॅलन ३० एप्रिल २०२० रोजी गेले. मिल्स यांनी तो प्रकल्प बंद केला नाही. कीबोर्डवर जाँ-फी दारी होतेच. अ‍ॅलन यांच्या जागी दुसरा ड्रमवादक आणण्याऐवजी तबलावादक प्रभू एदुआर आले, आणि २०२३मध्ये अ‍ॅक्सिसवर या तिघांचा अल्बम निघाला. त्यात ९०९ बराच वेळ एकच साधा ठेका धरून बसतं आणि तबला त्याच्यावर दुगुनीत, आडीत, मनाला येईल तसा फिरतो.