जातीचा दाखला: ‘1961 चा पुरावा’ म्हणजे नेमकं काय?

बारावीचा निकाल लागला की सेतूसमोर तीच रांग आणि खिडकीतून तोच प्रश्न: ‘1961 चा पुरावा आणलाय का?’ भटक्या-विमुक्तांतली कित्येक माणसं तिथूनच माघारी फिरतात.

भटक्या-विमुक्तांसाठी ठरलेली 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख अर्जाची मुदत नव्हे. त्या तारखेला तुमचं घराणं कुठे राहत होतं आणि जात कोणती, एवढंच बघतात. (ओबीसींसाठी तारीख 13 ऑक्टोबर 1967, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950.) कागद तुमच्या नावाचा कसा असेल? वडील, आजोबा, चुलते, चुलत आजोबा, वडिलांकडच्या रक्ताच्या कुणाचाही चालतो. लग्न झालेल्या मुलींनी नवऱ्याचे कागद जोडून हेलपाटा घालू नये, माहेरचेच लागतात.

आजोबा शाळेत गेलेच नसतील तर भावकीत कोण गेलं ते विचारा आणि त्या शाळेतून जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा काढा. एका मुलीच्या चुलत आजोबांची नोंद अशीच सापडली. दुसरीतून नाव कमी, कारण ‘गैरहजर’, आणि जातीच्या रकान्यात फिकट शाईत ‘हिंदू वडार’. त्यांची ती अर्धवट शाळा नातीच्या कामी आली. शाळा नाहीच, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे गाव नमुना 14, शोधायला लावा.

अर्ज सध्या राहता तिथे नाही, त्या तारखेला घराण्याचं कायम वास्तव्य होतं तिथल्या प्रांताधिकाऱ्याकडे (उपविभागीय अधिकारी) जातो. पालावर जन्म काढलेल्यांना ‘कायम वास्तव्य’ विचारायचं, धन्य आहे! कागद मिळतच नसेल तर तसं लेखी देऊन गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन चौकशी करण्याची, मागणी करा. ही सोय आहे, पण खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही.

कैकाडी असाल तर आणखी एक फेरा: विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जात, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जात. म्हणजे गाव बदललं की प्रवर्ग आणि तारीख दोन्ही बदलतात.

आधार, रेशनकार्ड, फोटो, वंशावळीचं शपथपत्र हे नेहमीचंच.

‘नाही होणार’ असं तोंडी ऐकून घरी येऊ नका. कारणांसह लेखी आदेश मागा. अपिलाला 30 दिवस असतात, ते आदेश हातात पडल्यापासून मोजायचे. आणि हा दाखला म्हणजे जात पडताळणी नव्हे; ती दाखला खरा आहे का याची समितीकडून होणारी वेगळी तपासणी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका, नॉन-क्रीमी लेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) वेगळं काढा.