बोल्ट कॅरिअर: कोटिंगची चमक वेगळी, पार्टचा भरवसा वेगळा

बोल्ट म्हणजे गोळी जिथं बसते ते चेंबर मागून बंद करणारा पार्ट, अन् बोल्ट कॅरिअर म्हणजे त्याले घेऊन रायफलीत मागं-पुढं धावणारा पार्ट. अपग्रेडेड बोल्ट कॅरिअर म्हणून जे विकलं जाते त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवतात. एक म्हणजे वरचं कोटिंग, दुसरी म्हणजे आतलं पोलाद, त्याचं हीट ट्रीटमेंट अन् जोडणी. कोटिंगनं पार्ट गुळगुळीत होते, पुसायला सोपा जाते, गंज कमी लागते. टिकते मात्र तो पोलादानं अन् जोडणीनं. आमच्या पुलगाव-आर्वीकडचे भरतीची तयारी करणारे पोट्टे मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाह्यतात अन् इचारतात, काका, तो सोनेरीवाला लावला तं रायफल अडकतच नाही म्हणते, खरं हाय का? मी फौजेत आर्मोरर (हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा) होतो, नोकरीभर हेच काम केलं, म्हणून जरा इस्कटून सांगतो. आपल्या देशात साध्या माणसाले अशा सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचं लायसन भेटत नाही अन् फौजेत पार्ट स्टोअरमधूनच येते, बाजारातून आणून कोणी लावत नाही, तवा हे समजून घ्यायपुरतंच हाय, पण उद्या सरकारी रायफल हाती आली तं हीच समज कामी पडन.

एआर-१५ या अमेरिकन रायफलीच्या घराण्यातली रायफल घेऊ, अपग्रेडचा सारा बाजार तिच्याच भोवती हाय. गोळी सुटली की बॅरलमधला थोडा गॅस नळीतून मागं येते, कॅरिअरवर बसवलेल्या गॅस-की नावाच्या तुकड्यामधून आत शिरते, अन् बोल्टच्या शेपटीवर ज्या तीन रिंगा राहतात त्यांच्या मागं फुगून कॅरिअरले मागं रेटते. कॅरिअर सरकला की कॅम पिन नावाची खुंटी बोल्टले फिरवते, बोल्टचे लग (बॅरलमागं अडकून बोल्टले कुलूप लावणारे दाते) सुटतात, काडतुसाची रिकामी केस ओढून बाहेर फेकली जाते, अन् स्प्रिंगनं कॅरिअर पुढं येतानी मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरात भरते. म्हणजे धावते कॅरिअर, अन् गोळीचा दाब सोसते बोल्ट. म्हणून कॅरिअर साधारण ८६२० जातीच्या पोलादाचा चालून जाते, बोल्टले मात्र कार्पेंटर १५८ नाही तं ९३१० जातीचं पोलाद लागते. बोल्टले सात लग अन् आठव्याच्या जागी केस ओढणारा आकडा म्हणजे एक्स्ट्रॅक्टर राहते. तडा जाते तो बहुतेक एक्स्ट्रॅक्टरच्या बाजूच्या लगाले, नाही तं कॅम पिनच्या छिद्रापाशी, कारण तिथं पोलाद पातळ अन् ताण जास्त.

आता लोहारानं फाळाले पाणी नीट दिलं नसन तं वरून कितीबी रंग मारा, पह्यल्या पावसानंतरच्या वखरणीत तो बोथट होणारच. बोल्टचंबी तसंच हाय, फक्त इथं एक गोष्ट जास्तीची हाय की वरची प्रोसेस चुकली तं आतल्या पोलादाचं नुकसानच होते. हार्ड क्रोम केल्यावर पार्ट भट्टीत ठेवून आत शिरलेला हायड्रोजन काढला नाही तं पोलाद ठिसूळ होते. नायट्राइड म्हणजे पार्ट तापवून त्याच्या वरच्या थरात नायट्रोजन मुरवणं; ते करतानी पार्ट पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापते, अन् कार्पेंटर १५८ च्या बोल्टचं टेंपरिंग (कडक पोलाद पुन्हा तापवून चिवट करणं) त्याच्याहून पुष्कळ कमी तापमानाले झालेलं राहते, म्हणजे त्या तापानं बोल्ट मऊ पडू शकते, म्हणून कंपनीनं ते गणित कसं बसवलं हे कळल्याशिवाय नुसतं नायट्राइड हाय म्हणून बोल्ट चांगला असं मी तरी म्हणणार नाही. कॅरिअरले नायट्राइड असलं तं माझी काही हरकत नाही.

साधं काळपट फॉस्फेट कोटिंग लोकाले जुनाट वाटते, पण ते सच्छिद्र राहते अन् तेल धरून ठेवते. तेल पुरेसं दिलं तं फॉस्फेटवाला कॅरिअर मस्त चालते, कोरडा ठेवला तं कुरकुरते. निकेल बोरॉन, सोनेरी टायटॅनियम नायट्राइड, काळं डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर), हे कमी तेलात निभावून नेतात अन् कार्बन फडक्यानं पुसला जाते, हा फायदा खरा हाय, मी नाकारत नाही. मात्र तो फायदा सफाईचा हाय, मजबुतीचा नाही, अन् इथंच सारे गफलत करतात.

याचा सगळ्यात मोठा दाखला व्हिएतनाम युद्धाचा हाय. सुरुवातीच्या एम-१६ चे (एआर-१५ चंच फौजी रूप) कॅरिअर चांगले क्रोम केलेले चकचकीत होते, मागाहून ते फॉस्फेटचे झाले. रायफली अडकल्या, जवान मेले, १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीले चौकशी करा लागली. कारणं निघाली ती अशी की गोळीतली दारू बदलली होती अन् त्यानं रायफलीचा गोळ्या झाडायचा वेग अन् घाण दोन्ही वाढले होते, चेंबरले क्रोम नव्हतं त्यामुळे गंज धरून केस आत चिकटत होती, अन् पोरांच्या हाती साफसफाईचं सामान नीट पोचलंच नव्हतं. चेंबर क्रोम केलं, बफर (कॅरिअरच्या मागं स्प्रिंगसोबत राहणारं वजन) बदलला, सफाई शिकवली, तवा कुठं गाडी रुळावर आली. बाहेरून कॅरिअर कसा दिसते याचा त्यात काहीच संबंध नव्हता.

पार्ट हाती आला तं मी पह्यले गॅस-की पाह्यतो. ती दोन स्क्रूनं बसवलेली राहते अन् स्क्रूच्या बाजूचं लोखंड ठोकून त्याच्या डोक्यावर दाबलेलं पाह्यजे, यालेच स्टेकिंग म्हणतात. नुसता हलका ओरखडा दिसला तं समजा की काही शे राउंडनंतर स्क्रू ढिला होईन, गॅस गळन, अन् कॅरिअर पुरता मागं येणार नाही. मंग बोल्ट पुढं ओढून त्याच्या तोंडावर सारा कॅरिअर टेबलावर उभा करायचा. उभा राह्यला तं रिंगा बऱ्या, सोताच्या वजनानं खाली बसला तं रिंगा झिजल्या. हे कोणतंबी कोटिंग असो, सारखंच लागू हाय. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंगबी तपासावी, ती मऊ पडली की केस अर्धवट ओढली जाते अन् दोष भलत्याच पार्टवर जाते.

जाहिरातीत एचपीटी अन् एमपीआय असे दोन शिक्के राहतात, तेबी लोक एकच समजतात. एचपीटी म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस चालवून बोल्टले ताण देणं, अन् एमपीआय म्हणजे चुंबक अन् लोखंडाच्या बारीक कणांनी तडा शोधणं. एचपीटी आधी झाली अन् एमपीआय मागाहून, तवाच त्याले अर्थ हाय. अन् प्रत्येक बोल्ट तपासला की लॉटमधले दोन-चार, हे इचारलंच पाह्यजे.

आता चालवून पाह्यण्याचं बोलू, कारण तिथंच सगळ्यात जास्त भूल होते. व्हिडिओत कोणी तीनशे राउंड न अडकता चालवले अन् म्हणाला पार्ट शंभर टक्के भरवशाचा. आकडेवारीच्या साध्या हिशोबानं तीनशेमध्ये शून्य बिघाड म्हणजे एवढंच की बिघाडाचं प्रमाण बहुतेक १ टक्क्याच्या आत असन. १ टक्का म्हणजे शंभरात एक गोळी, अन् गडचिरोलीच्या जंगलात ड्युटीवर असलेल्या जवानासाठी हे लय झालं. एक हजारात शून्य आलं तं ०.३ टक्क्याच्या आत म्हणता येते. तेबी एकाच गोळीनं, एकाच मॅगझिननं, स्वच्छ करून चालवलं असन तं अर्धंच कळलं. घाण साचल्यावर, वेगवेगळ्या काडतुसांनी, वेगवेगळ्या मॅगझिननी पाह्याव, अन् एका वेळी एकच पार्ट बदलावा. कॅरिअर, बफर अन् स्प्रिंग तिन्ही एकदम बदलले अन् रायफल सुधारली तं कायनं सुधारली ते ब्रह्मदेवालेबी सांगता येणार नाही. अडकली की कशी अडकली ते लिहावं, केस ओढली नाही, फेकली नाही, की नवी गोळी भरली नाही, तिघांची कारणं वेगळी राहतात, अन् भरण्याच्या गडबडीत बरेचदा मॅगझिनच दोषी निघते.

हलका कॅरिअर हे अपग्रेडचं आणखी एक रूप. स्पर्धेवाल्यांसाठी ठीक हाय, हलका असल्यानं झटका कमी वाटते, पण घाण साचली तं ती रेटून पुढं जायले वजन लागते अन् तेच काढून टाकलेलं राहते. गॅस कमी-जास्त करायची सोय नसन तं मी तो ड्युटीच्या रायफलीत लावू देणार नाही.

नवा बोल्ट वापरलेल्या बॅरलले लावतानी हेडस्पेस गेज (बंद बोल्ट अन् चेंबर यांच्यातलं अंतर मोजायचं माप) लावल्याशिवाय गोळी चालवूच नये. नो-गो गेजवर बोल्ट बंद झाला तं झीज हाय असं समजून फील्ड गेजनं (त्याहून थोडं लांब माप) पाह्याव, अन् फील्ड गेजवरबी बंद झाला तं ती रायफल लगेच बाजूले काढून आर्मोररकडं जमा करावी.