आगीनंतरची काजळी : घाई कुठे, धीर कुठे

एसीच्या किंवा फ्रिजच्या वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट होतं आणि आग लागते. जळते एकच खोली, पण काळवंडतं सगळं घर. बंद कपाटातल्या साड्यांवरसुद्धा काळी पूड बसलेली असते. अग्निशमन दलाची गाडी परतली की शेजारीपाजारी, नातेवाईक मदतीला धावतात, बादल्या भरल्या जातात आणि ओल्या फडक्यांनी भिंती पुसायला सुरुवात होते. ही माया खरीच असते. पण वाचू शकल्या असत्या अशा कितीतरी वस्तू नेमक्या याच वेळी हातच्या जातात. आगीनंतरच्या साफसफाईत काही वस्तूंना घाई लागते आणि काहींना धीर. कुठल्या वस्तूला काय, हे ठरतं धुराच्या रसायनावरून.

लाकूड, कापड, प्लास्टिक जळताना ऑक्सिजन कमी पडला, की त्यातला कार्बन पुरता जळत नाही. त्याचे १० ते ५० नॅनोमीटरचे गोलसर कण तयार होतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. ते एकमेकांना चिकटून साखळ्या बनतात आणि त्यांच्यावर डांबरासारख्या चिकट द्रव्यांचा थर चढतो. हीच काजळी. हवा गरम असली की हे कण गरम बाजूकडून थंड बाजूकडे ढकलले जातात. म्हणून खिडकीच्या काचा, आरसे, बाहेरच्या बाजूच्या भिंती आणि आगीपासून दूर असलेल्या थंड कपाटाचा आतला भाग जास्त काळा होतो. छताच्या कोपऱ्यात लोंबणारी काळी जाळी कोळ्याची नसते, तीही काजळीच्या साखळ्यांचीच.

पूर्वी घरोघरी काजळ धरायचे तेव्हा दिव्यावरची काजळी तुपात कालवत, पाण्यात नाही. कार्बनचं पाण्याशी जमत नाही, तेला-तुपाशी जमतं. भिंतीवर ओलं फडकं फिरवलं की काजळी पाण्यात विरघळत नाही, उलट डिस्टेंपरच्या बारीक छिद्रांत चेपली जाते आणि तिथे राखाडी फराटा कायमचा बसतो. त्यामुळे भिंती, छत, पुस्तकं, कापड यांच्यासाठी नियम एकच : आधी कोरडं, मग ओलं. हेपा फिल्टरचा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर त्याचं तोंड पृष्ठभागाला न टेकवता, किंचित वर धरून फिरवायचं. साधा व्हॅक्यूम वापरू नये, त्यातून बारीक काजळी पुन्हा खोलीत उडते. त्यानंतर रबराचा कोरडा स्पंज. याला केमिकल स्पंज म्हणतात, पण त्यात कुठलंही रसायन ओतायचं नसतं. एकाच दिशेने हलका हात फिरवायचा. स्पंजची बाजू काळी झाली की ती कापून टाकायची आणि आतला स्वच्छ भाग वापरायचा. पूड निघाली की मगच साबणाचं पाणी. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलकट थराला धरतं, दुसरं पाण्याला, आणि कण सुटून येतो.

ब्लीचने मात्र काजळी जात नाही. ब्लीच रंगद्रव्याचे रेणू मोडतं. काजळीचा काळेपणा म्हणजे खुद्द कार्बन, त्यावर ब्लीचची मात्रा चालत नाही. काजळीच्या शाईने लिहिलेल्या जुन्या पोथ्या शेकडो वर्षं काळ्याभोर राहिल्या, त्या याच गुणामुळे. कार्बन रासायनिक मार्गाने काढायचाच तर त्याचा वायू करावा लागतो, आणि हे खरोखर करून दाखवलं गेलं आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड इथल्या एका चर्चमध्ये १९८९ साली आग लागली आणि त्यात काळवंडलेली चित्रं नेहमीच्या द्रावणांनी साफ होईनात. तेव्हा नासाच्या तिथल्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ती निर्वात पेटीत ठेवून त्यांच्यावर आण्विक ऑक्सिजन, म्हणजे जोडीने नव्हे तर सुट्या अणूंच्या रूपातला ऑक्सिजन, सोडला. काजळीचा कार्बन वायू होऊन उडून गेला, चित्राला हातही लागला नाही. धातूंच्या ऑक्साइडांपासून केलेले रंग आधीच ऑक्सिजनशी जोडलेले असतात, म्हणून ते टिकले. घरी हे शक्य नाही, पण काजळी किती चिवट असते ते यावरून कळतं.

आता घाईचा भाग. आपल्या घरातल्या वायरींचं वेष्टण, पाइप, रेक्झिनचे सोफे यांत पीव्हीसी असतं. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्लोरीनचा. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. कोकणात किंवा मुंबईत, त्यातही पावसाळ्यात, ओलाव्याला तोटा नाही. काजळीसोबत हे आम्ल धातूवर बसतं आणि एक-दोन दिवसांत नळ, बिजागऱ्या, शिलाई मशीन गंजू लागतं. स्टेनलेस स्टीललाही क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. म्हणून धातूच्या वस्तू पहिल्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरड्या करून, मशीनना तेलाचा हात द्यावा. समई, तांब्या-पितळेच्या भांड्यांना लगेच चिंच लावू नये, आम्लावर आणखी आम्ल कशाला? टीव्ही, मिक्सर, लॅपटॉप ‘चालतोय का बघू’ म्हणून मुळीच सुरू करू नये. आतली आम्लट काजळी वीज वाहून नेते. मेकॅनिकने उघडून साफ केल्यावरच वीज जोडावी. कडप्प्याचा ओटा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड, तेही आम्लाने झिजतात. त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू नको.

कपड्यांत आणखी एक मेख आहे. सुती कापडातला सेल्युलोज आम्लाने कमकुवत होतो, पण अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, सोसतो, म्हणून धुण्याचा सोडा त्याला चालतो. रेशीम आणि लोकर प्रथिनांची, त्यांचं बरोबर उलट. सोड्याच्या पाण्यात पैठणी बुडवली तर काजळीआधी रेशीमच खराब होईल. पैठणी उघड्यावर हलकेच झटकून, धुराची आहे असं सांगून ड्रायक्लीनरकडे द्यावी. कुठल्याही कपड्याला काजळी निघेपर्यंत इस्त्री लावू नये, उष्णतेने डाग पक्का होतो.

वास जाता जात नाही, त्याचंही कारण आहे. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निन या घटकापासून ग्वायकॉलसारखी द्रव्यं निघतात आणि भिंती, गाद्या, पडद्यांत मुरतात. मेरीलँडमधल्या एका प्रयोगघरात शास्त्रज्ञांनी मुद्दाम धूर सोडून पाहिला. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये २०२३ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार एअर प्युरिफायर चालू असेपर्यंतच हवा सुधारते, कारण पृष्ठभाग पुन्हा पुन्हा वायू सोडत राहतात. खरा फरक पडला तो घर झाडून, पुसून, धुऊन. रूम फ्रेशनरवर पैसे घालवण्यापेक्षा पंखे आणि कपाटांचे मागचे भाग पुसलेले बरे.

हे सगळं करताना एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. जुन्या घरावरचे सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो चुरा कोरडा झाडू नये, पाणी शिंपडून ओला करून उचलावा. धान्य, मसाले, औषधं प्लास्टिकच्या डब्यात असली तरी टाकून द्यावीत, फ्रिजमधलंही. गॅसची नळी आणि रेग्युलेटर बदलावेत.

काहीही फेकण्याआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक वस्तूचे फोटो काढावेत. विम्याच्या दाव्याला अग्निशमन दलाचा दाखला आणि पंचनामा लागतो. भिजलेले फोटो, दस्तऐवज घासू नयेत, सावलीत सुटे करून वाळवावेत. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. करपलेल्या नोटा पुठ्ठ्यावर अलगद ठेवून डब्यात बंद कराव्यात. अशा ठिसूळ नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसमध्ये त्यांची तपासणी होऊन, नियमांत बसल्यास, पैसे मिळतात.