पाणी उतरलेली पटाशी

बारा पटाश्यांचा डबा मी हौसेनं घरी आणला. त्यातल्या सात अजून कोऱ्या करकरीत आहेत. उरलेल्या पाचांवर सगळं कोरीवकाम निघतं.

आधी गोल पटाशी लागते कशाला ते बघू. लाकूड म्हणजे उसाची मोळीच समजा, फक्त कांड्यांच्या जागी एकमेकींना चिकटलेल्या सूक्ष्म नळ्या. लांबीच्या दिशेला ही मोळी चिवट असते, पण नळ्या एकमेकींपासून सुटायला वेळ लागत नाही. सपाट पटाशी या नळ्यांच्या रेषेला आडवी चालवली की तिचे कोपरे लाकडात रुततात आणि कडेचे तंतू कापले जायच्या ऐवजी फाटतात. गोल पटाशीचे कोपरे लाकडाच्या वरच राहतात. धारेचं पोट तेवढं खाली जातं आणि ढलपी दोन्ही कडांनी कापूनच वर येते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपाच्या लाकडी महिरपी पाहिल्यात ना? तसली वळणं सपाट धारेनं काढायची म्हणजे जिवाचा आटापिटा.

खरेदी करताना दांड्यावरच्या आकड्यानं गोंधळ होतो. ब्रिटनमधल्या शेफील्डच्या पद्धतीत १ म्हणजे सपाट आणि २ म्हणजे तिरक्या धारेची. ३ला जेमतेम बाक असतो, मग तो वाढत वाढत ९ला जवळपास अर्धवर्तुळ होतं. हा आकडा रुंदीचा नाही, बाकाचा. ९ नंबरची १० मिलिमीटरची पटाशी ५ मिलिमीटर त्रिज्येचा चर पाडेल, २० ची १० मिलिमीटर त्रिज्येचा. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून शक्यतो हातात घेऊन, कागदावर धार टेकवून बाक बघून घ्यावी.

माझ्या पाच अशा: ३ नंबरची १२ मिलिमीटर, ५ ची तेवढीच, ९ ची ६ मिलिमीटर, ६० अंशांची व्ही पटाशी (इंग्रजी व्ही अक्षरासारख्या धारेची) आणि एक सपाट. ९ नं खोदायचं, ५ नं आकार द्यायचा, ३ नं तळ साफ करायचा, व्हीनं रेघा. एकच घ्यायची झाली तर मी ३ नंबरची घेईन. गणेशपट्टीवरच्या कमळाची पाकळी तिच्याशिवाय गुळगुळीत होत नाही.

धारेचा हिशेब सोपा आहे. १० मिलिमीटर रुंद धारेची कड एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीची असेल आणि तुम्ही किलोभर जोर लावला, तर तो जोर एका चौरस मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर एकवटतो. बोथट होऊन तीच कड २० मायक्रॉन झाली की दाब विसाव्या हिश्श्यावर येतो. मग आपण जोर वाढवतो, पटाशी सटकते आणि डाव्या हाताचा अंगठा कामाला येतो. धारेचा कोन नरम लाकडाला २० अंश पुरतो. सागवानाला २५ च्या आसपास ठेवावा, नाहीतर कड तुटते. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ असतो, तो धार खातो. शिकताना म्हणूनच शिवणीचं लाकूड बरं.

आता माझा गाढवपणा. उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर मोकळा दिसला, म्हणून ५ नंबरची स्वतःच धरली. ठिणग्या मस्त उडत होत्या. बघता बघता टोक आधी गवती पिवळं झालं, मग जांभळं, मग निळं. शेजारी उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "पाणी उतरलं की हिचं. आता लोणी कापा."

हे रंग म्हणजे तापलेल्या पोलादावर चढणारा ऑक्साइडचा पातळ थर. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, तसाच हा प्रकाशाचा खेळ. साध्या कार्बन पोलादावर पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला दिसतो, निळा ३०० च्या आसपास. निळा दिसला म्हणजे पाणी देऊन आणलेला कडकपणा बराच गेलेला असतो. रंग घासून काढला तरी तो परत येत नाही. नरम झालेलं पोलादच काढावं लागतं.

मिस्त्रींनी टोक काढून टाकलं आणि दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत नवा उतार काढला. पुढची धार मी घरी ऑइलस्टोनवर लावली, मनगट फिरवत. पटाशी आठ मिलिमीटर आखूड झाली, पण अजून रोज वापरात आहे.