मेला नाही, श्वास रोखून झोपलाय

भारतातून आई-बाबा आले की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांची एक सहल ठरलेली असते. सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला जाताना आतला रटाळ हायवे 5 सोडायचा आणि समुद्राला बिलगून जाणारा हायवे 1 धरायचा. सॅन सिमिऑनच्या उत्तरेला साधारण 11 किलोमीटरवर पिएद्रास ब्लांकासचा किनारा लागतो. गाडी रस्त्यालगत लावायची. तिकीट नाही, पायऱ्या नाहीत. कठडा असलेली सपाट पायवाट आहे, गुडघे कुरकुरणाऱ्यांना आणि व्हीलचेअरवर बसलेल्यांनाही जमेल अशी. आणि कठड्याखाली, काही मीटरवर, वाळूत शेकड्यांनी पसरलेले एलिफंट सील, म्हणजे समुद्रात राहणारे अवाढव्य सस्तन प्राणी.

तिथे दहा मिनिटं उभं राहिलं की शेजारी कोणीतरी म्हणतंच, "अरे, हा मेलाय बहुतेक!" आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अशाच एका किनाऱ्याचा व्हिडिओ 'प्रदूषणाने तडफडून मेलेले सील' म्हणून फिरला होता. पुराव्यादाखल लोंबणाऱ्या कातडीचे क्लोजअप. ती कातडी रोगाने सडलेली नसते. हे प्राणी वर्षातून एकदा केसांसकट कातडीचा वरचा थर टाकतात. नवे केस येण्यासाठी त्वचेला भरपूर रक्त लागतं. थंड पाण्यात राहून तेवढं रक्त त्वचेकडे पाठवलं तर शरीराची उष्णता निघून जाईल, म्हणून तेवढे दिवस उपाशीपोटी किनाऱ्यावर काढायचे.

आता 'मेलाय'बद्दल. झोपलेल्या सीलच्या नाकपुड्यांकडे बघत राहा. काही श्वास होतात, नाकपुड्या मिटतात आणि मग काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी वीससुद्धा. त्या वेळात हृदयाचे ठोकेही मंदावतात. समुद्रातली सवय तो जमिनीवरही सोडत नाही. समुद्रात हा प्राणी महिनोन्‌महिने, दिवसरात्र, एकामागून एक बुड्या मारतो. एक बुडी वीसेक मिनिटांची, खोली बहुधा 400 ते 600 मीटर, मध्ये दोन-तीन मिनिटं वर श्वास, की पुन्हा खाली. दीड किलोमीटरहून खोल गेल्याच्याही नोंदी आहेत.

आपल्याला वाटतं, एवढा वेळ टिकायचं तर छाती भरून हवा घेत असेल. उलट, तो बुडी मारण्याआधी श्वास सोडतो! खोलवरच्या दाबाने फुफ्फुसं मिटतात, त्यामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा शिरत नाही आणि वर येताना त्याचे बुडबुडे होण्याचा धोका टळतो. म्हणजे फुफ्फुस ही त्याची टाकी नव्हेच. कुंभक साधून माणूस तासन्‌तास श्वासाविना राहू शकतो असे व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक आकडा देतो: आधी शुद्ध ऑक्सिजन न घेता पाण्यात निश्चल राहून श्वास रोखण्याचा 2009 मध्ये झालेला विक्रम होता 11 मिनिटं 35 सेकंदांचा. प्राणायाम जरूर करा, पण सील होता येत नाही, कारण साठा रक्तात आणि स्नायूंत असावा लागतो.

रक्त आपल्या वजनाच्या सुमारे सात टक्के असतं, याचं वीसच्या आसपास, आणि त्यात तांबड्या पेशींची दाटीही जास्त. पण खरी गंमत स्नायूत आहे. तिथे मायोग्लोबिन नावाचं प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं. बुडीत स्नायूंचा रक्तपुरवठा बराच आवळला जातो, तेव्हा स्नायू याच साठ्यावर चालतात. सीलच्या स्नायूत मायोग्लोबिन आपल्या दहापट, इतकं की मांस काळपट दिसतं.

इथे एक अडचण येते. प्रथिनं एवढी दाटीने कोंबली की ती एकमेकांना चिकटायला लागतात, गरम पाण्यात एकदम बेसन ओतल्यावर पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तशी. चिकटलेलं प्रथिन निकामी. मग सीलच्या स्नायूत गुठळ्या का होत नाहीत? 2013 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या मायकल बेरेनब्रिंक यांच्या गटाने याचं उत्तर दिलं. मायोग्लोबिन ही 153 अमिनो आम्लांची साखळी. खोल बुडी मारणाऱ्या प्राण्यांत तिच्या पृष्ठभागावरची काही अमिनो आम्लं बदलून लायसिनसारखी धनभारित आलेली आहेत. त्यामुळे प्रत्येक रेणूवर निव्वळ धनभार जास्त. समान भार एकमेकांना ढकलतात, हे आठवीचं विज्ञान. रेणू शेजारी येतात, पण चिकटत नाहीत.

हा भार अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढता येतो, आणि पूर्वजांचा क्रम आजच्या वंशजांवरून बांधता येतो. त्यामुळे नामशेष प्राणी किती वेळ बुडी मारत असतील याचाही अंदाज या गटाने केला. त्यात निघालं की हत्तीचा पूर्वजसुद्धा अर्धा पाण्यात राहणारा असावा. एलिफंट सीलचा आणि हत्तीचा जवळचा संबंध नाही, साम्य फक्त नराच्या सोंडेसारख्या नाकापुरतं. तरी मला हा योगायोग फार आवडतो.

एप्रिल 2023 मध्ये आणखी एक अभ्यास आला नाही तोच 'सील झोपतच नाहीत' असे मथळे झळकले. मूळ आकडा असा: समुद्रात दिवसाला सरासरी दोन तास झोप, तीही खोल बुडीत दहा-दहा मिनिटांच्या डुलक्यांत, गिरक्या घेत खाली जाताना. जमिनीवर मात्र दहा-अकरा तास. म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या 'आळशी' गर्दीचा हिशेब नीट जुळतो.

एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी मारून हा प्राणी जवळजवळ संपवला होता. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर थोडेसे उरले, त्यांचीच ही प्रजा. पिएद्रास ब्लांकासला ते 1990 मध्ये आले, पहिलं पिल्लू 1992 मध्ये जन्मलं.

जायचं तर जानेवारीच्या अखेरीस जा, पिल्लं आणि नरांच्या मारामाऱ्या दोन्ही दिसतील. कात टाकणं बघायचं तर एप्रिल-मे. निळ्या जाकिटातले स्वयंसेवक असतात, आई-बाबांच्या वतीने त्यांना बेधडक प्रश्न विचारा. वारा बोचरा असतो, कानटोपी घ्या. उत्तरेला बिग सर या डोंगराळ किनारपट्टीकडून येणारा रस्ता दरडींनी वारंवार बंद पडतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. तो बंद असला तरी दक्षिणेकडून कॅम्ब्रियामार्गे येता येतं.