ब्लॉक काढत नाहीत, दाबून बसवतात

स्टेंट टाकून घरी आलेल्या माणसाला भेटायला गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "नव्वद टक्के ब्लॉक होता, काढून टाकला. आता वीस वर्षं बघायला नको!" ब्लॉक काढत नाहीत हो. धमनीत फुगा फुगवून तो तिच्या भिंतीतच दाबून बसवतात. आणि बघावं तर लागतंच.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये डॉक्टर आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाची हृदयधमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. हीच अँजिओप्लास्टी. तंत्र पसरलं, पण नुसत्या फुग्याने उघडलेल्या धमन्यांपैकी दहातल्या तीन-चार सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायच्या. यात कोलेस्टेरॉलचा हात फारसा नव्हता. फुगा फुगला की आतलं अस्तर सोलवटतं, भिंत चिरते. जखम झाली म्हटल्यावर शरीर ती भरायला घेतं. भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायुपेशी एरवी आकुंचन-प्रसरणाचं काम मुकाट करतात. जखमेचे रासायनिक निरोप येताच त्या काम टाकून आतल्या बाजूला सरकतात, दुपटीने वाढत जातात. धमनीच्या आत चक्क वण वाढतो! १९८६ मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट आला. धमनीचं आक्रसणं थांबलं, पण वण जाळीतून वर येतच राहिला.

तो रोखला ईस्टर बेटावरच्या मातीने. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. तिथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये बुरशीनाशक वेगळं केलं, रापामायसिन. हे औषध पेशीतल्या एफकेबीपी-१२ या प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडगोळी एम-टॉर नावाच्या प्रथिनाला जाऊन अडवते. एम-टॉर म्हणजे पेशीतला मुकादम: माल आलाय, वाढायला लागा, असं सांगणारा. तो गप्प झाला की पेशी विभाजनाच्या जी-१ टप्प्यातच अडकते, डीएनएची नक्कल सुरूच होत नाही. या औषधाचा लेप दिलेले स्टेंट २००२-०३ च्या सुमारास बाजारात आले आणि पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेलं.

पण मुकादम गप्प झाला की अस्तराच्या पेशीही मंदावतात. जाळीच्या तारा उघड्या राहतात, त्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या त्या यासाठी. बरं वाटतंय म्हणून त्या आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं.

ऐन हार्ट अटॅकमध्ये अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात वाद नाही. चालताना छातीत भरून येणाऱ्या, पण स्थिर असलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत स्थिर हृदयविकाराचे ५१७९ रुग्ण होते. अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेल्यांचे मृत्यू आणि अटॅक, निव्वळ औषधांवर असलेल्यांपेक्षा कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र जास्त कमी झालं. अटॅक कमी झाले नाहीत, कारण अटॅक बरेचदा सर्वांत अरुंद जागी येतच नाही. दुसरीकडचा, जेमतेम अर्धी वाट अडवणारा मऊ थर फुटतो. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर सांभाळतो, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सगळ्या धमन्यांवर काम करते. (लिंबू-आलं-लसणाच्या काढ्याने ब्लॉक विरघळतो हे व्हॉट्सॲपवरचं रसायनशास्त्र. काढा चवीला प्या हवं तर.)

झुरिचच्या त्या पहिल्या रुग्णाची धमनी २३ वर्षांनी पुन्हा तपासली. ना जाळी, ना लेप, तरी ती उघडीच होती. त्याच्या स्नायुपेशींनी तेव्हा निरोप ऐकलाच नसावा.